कोळंबी स्वच्छ असली तरी नको

मा. संपादक,

कालच्या पुरवणीतला ज्यूंच्या खाण्यापिण्यावरचा लेख वाचला आणि फार चीड आली. डुकराचं मांस नको कारण जंत होतात, कोळंबी नको कारण गरम हवेत लवकर खराब होते, म्हणजे सगळं आरोग्यासाठी! मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी बोलणारी ज्यू, ठाण्यातच वाढले, हे लहानपणापासून ऐकतेय आणि सांगणारा लगेच पुढे म्हणतो की आता फ्रीज आलेत, मग खा की. माझ्या आधीच्या ऑफिसात एका जेवणाला साहेबांनी सगळ्यांसमोर कोळंबीची प्लेट पुढे केली, एक्सपोर्ट क्वालिटी आहे म्हणाले, मी नको म्हटलं तर सायंटिफिक कारण सांगा म्हणून हटूनच बसले, आणि बाकीचे हसत होते. ते अजून विसरले नाहीये.

अहो, कारण दिलेलंच नाहीये. पाण्यातल्या जिवाला पर आणि खवले नसतील तर खायचं नाही, तोरात, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, एवढंच आहे. लोकर आणि लिनन मिसळलेला कपडा घालायचा नाही हाही नियमच, त्यात कुठले जंतू? लाल गायीच्या राखेनं प्रेताला शिवलेला माणूस शुद्ध व्हायचा पण ती राख गोळा करणारा अशुद्ध, हे शहाण्या शलमोन राजालाही उमगलं नाही असं आमच्यात सांगतात. मायमोनिडीस हा आमचा मोठा धर्मपंडित स्वतः वैद्य, १२व्या शतकात त्यानं कारणं शोधली, पण कारण नाही सापडलं तर नियम सोडा असं तो कुठेच म्हणत नाही. आणि जुने रब्बी, म्हणजे धर्मगुरू, तर सांगून गेलेत की डुकराचं मांस आवडत नाही असं म्हणू नका, आवडलं असतं पण स्वर्गातल्या बापानं नको सांगितलंय म्हणून खात नाही असं म्हणा. मला हेच पटतं, फायद्यासाठी केलं तर ते माझ्यासाठी झालं, देवासाठी नाही.

कोकणात आमच्या पूर्वजांकडे ना ग्रंथ होते ना रब्बी. डेव्हिड रहाबी नावाच्या बाहेरून आलेल्या ज्यूनं बायकांना वेगवेगळे मिसळलेले मासे रांधायला दिले तर त्यांनी बिनखवल्यांचे आपणहून बाजूला काढले, आणि त्यावरून त्यानं आम्हाला ज्यू म्हणून ओळखलं, अशी आमच्याकडची गोष्ट आहे. त्या बायकांना जंतू माहीत होते का? मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून मटणाच्या रश्शात आम्ही अजूनही नारळाचंच दूध घालतो, दूधदुभतं नाही.

आणि फोटो! दर वेळी काळी टोपी आणि लांब दाढीवाला परदेशी माणूसच का छापता? पनवेल, अलिबाग, ठाणे, सगळीकडे १९व्या शतकात स्थापन झालेली सिनेगॉग, म्हणजे आमची प्रार्थनास्थळं, उभी आहेत, फोटोग्राफर पाठवा, आम्ही मराठीत बोलू त्याच्याशी.

– एक वाचक, ठाणे