ड्रायव्हर काढायला आणखी एक सॉफ्टवेअर कशाला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत कॉम्प्युटर स्लो झाला की काय करावं यावर लेख आला होता, त्यात जुने ड्रायव्हर (म्हणजे प्रिंटर, वेबकॅमसारखी उपकरणं विंडोजला चालवता यावीत म्हणून लागणारी छोटी सॉफ्टवेअर) काढायला एखादं फ्री 'ड्रायव्हर क्लीनर' टाका असं बिनधास्त लिहून दिलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. बाकी लेख बरा होता पण हा सल्ला कोणी ऐकू नये.

एक तर जुन्या ड्रायव्हरमुळे पीसी स्लो होतो हेच बहुतेक वेळा खरं नसतं. प्रिंटर काढला, वेबकॅम बदलला तरी विंडोज त्यांचे ड्रायव्हर सिस्टम32 मधल्या ड्रायव्हरस्टोअर फोल्डरमध्ये जपून ठेवतं, व्हिस्टापासून हीच पद्धत आहे, म्हणजे उद्या तेच डिव्हाइस परत लावलं तर पुन्हा शोधाशोध नको. नुसत्या पडून असलेल्या फाइली जागा खातात, स्पीड नाही. ग्राफिक्स कार्डचे जुने व्हर्जन साठले असतील तर जागा बरीच जाते, पण त्यासाठी विंडोजच्याच डिस्क क्लीनअपमध्ये 'डिव्हाइस ड्रायव्हर पॅकेजेस'वर टिक केली की झालं. खरा त्रास असतो ड्रायव्हरच्या पाठोपाठ घुसलेल्या, मागे सतत चालू राहणाऱ्या सर्व्हिस आणि अपडेटरचा, प्रिंटर भंगारात गेला तरी हे घड्याळाशेजारी ठाण मांडून बसलेले! ते आधी साध्या अनइन्स्टॉलने काढा, निम्मं काम तिथेच होतं.

आता ड्रायव्हर काढायलाच हवा अशी वेळ येते, नाही असं नाही. विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखाली 'मेमरी इंटिग्रिटी' नावाची, घातक कोडपासून विंडोजचा गाभा जपणारी सोय आहे, ती चालू करायला गेलं की कधीकधी इनकम्पॅटिबल ड्रायव्हरची यादी दाखवून ती चालू व्हायलाच नकार देते आणि यादीत कधीच फेकून दिलेल्या एखाद्या वस्तूची .एसवायएस फाइल, म्हणजे तिचा ड्रायव्हरच, निघते. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही, कारण डिजिटल सही असल्याने विंडोज ज्यांच्यावर विश्वास ठेवतं, पण सुरक्षेत भोकं आहेत असे जुने ड्रायव्हर हॅकर लोक मुद्दाम वापरतात, म्हणूनच विंडोज 11 च्या 2022 च्या अपडेटपासून अशा ड्रायव्हरची ब्लॉकलिस्ट आपोआप चालू असते.

काढायची सोय विंडोजमध्येच आहे. आधी रिस्टोअर पॉइंट करून ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर मागे जाता येतं, मग डिव्हाइस मॅनेजर उघडून व्ह्यू मेनूत 'शो हिडन डिव्हाइसेस' करा, जे आता जोडलेलं नाही त्याचं आयकॉन फिकट दिसतं. आपल्या ओळखीच्या फिकट नावावर राइट क्लिक, अनइन्स्टॉल, आणि ड्रायव्हरही काढायचा का असा चौकोन येतो त्यात टिक. जुन्या पेन ड्राइव्हच्या ढीगभर नोंदी दिसतील, त्या राहिल्या तरी काही बिघडत नाही, आणि जे नाव कळत नाही त्याला हात लावू नका कारण विंडोजच्या स्वतःच्याही काही गोष्टी तिथे फिकट दिसतात. चौकोन आलाच नाही तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पीएनपीयुटिल (pnputil) ही विंडोजचीच कमांड आहे, ते प्रत्येक पॅकेजचं ओईएम आकडा डॉट आयएनएफ (oem12.inf सारखं) असं नाव, कंपनी, तारीख सगळं दाखवतं, त्यावरून हवं तेच काढता येतं. वापरात असलेलं पॅकेज ते सहसा काढू देत नाही, तेव्हा चिडून जबरदस्तीने काढणारा 'फोर्स' पर्याय लावू नका. आणि ड्रायव्हरस्टोअरमधल्या फाइल रिपॉझिटरी फोल्डरमधून हाताने डिलीट तर अजिबात नाही. प्रिंटरचं प्रकरण जरा वेगळं, त्याचे ड्रायव्हर प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर्स टॅबवर सापडतात.

बाहेरचं टूल मी एकाच कामाला मान्य करतो, ग्राफिक्स कार्ड बदलताना डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, तेही सेफ मोडमध्ये आणि आधीच्या ड्रायव्हरने खरंच घोळ घातला असेल तरच.

लेखकांनी पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी ही विनंती. आणि ज्यांनी लेख वाचून क्लीनर टाकलाच असेल त्यांनी तो काढल्यावर टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) आणि स्टार्टअप ॲप्सची यादी एकदा बघून घ्या, अशी सॉफ्टवेअर जाताना तिथे काहीतरी ठेवून जातात.

आपला,
एक नियमित वाचक