विषय: कोल्हापूरचं तिकीट, बेळगावला उतरवणी आणि 37 मिनिटांचा हिशेब

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
विमान तिकीट विभाग

महोदय,

माझी थोरली बहीण आणि दाजी हैदराबादेहून निपाणीला आमच्याकडे येणार होते. तुमच्या अ‍ॅपवरून मी त्यांची हैदराबाद-कोल्हापूर तिकिटं काढली. प्रवासाच्या सकाळी ते विमान रद्द झालं. तुमच्या हेल्पलाइनवरून बहिणीला फोन गेला. 'बेळगावचं विमान देतो, तिथून कोल्हापूर फक्त 96 किलोमीटर, 37 मिनिटं,' असं सांगण्यात आलं. पुढं दुसरं विमान आहे असं समजून ती हो म्हणाली. पैसे परत मिळू शकतात, हे तिला कुणी सांगितलंच नाही.

बेळगावच्या सांबरा विमानतळावर उतरल्यावर दाजींनी काउंटरवर विचारलं, "कोल्हापूरचं 37 मिनिटांचं विमान कुठं लागतंय?" तिथला पोरगा हसला. दाजी 76 वर्षांचे आहेत. त्यांना ते लागलं. मी ठरवलेली गाडी तेव्हा कोल्हापूरच्या विमानतळावर, उजळाईवाडीला उभी होती.

मी 31 वर्षं गणित शिकवलं, त्यामुळं 37 हा आकडा मला झोपू देईना. मांडून पाहिलं. 96 भागिले ताशी 800, म्हणजे 7 मिनिटं. त्यात उड्डाण आणि उतरण्याची ठोक 30. जुळलं! पण 96 किलोमीटर ही नकाशावर पट्टी ठेवून काढलेली सरळ रेघ. ताशी 800 हा मोठ्या जेटचा वेग. आमच्याकडं येणारं एटीआर हे पंख्याचं छोटं विमान ताशी 500 च्या आसपास जातं. आणि मुख्य म्हणजे विमानच नाही. तुमच्याच अ‍ॅपवर त्या दिवशी बेळगाव-कोल्हापूर शोधलं, तर हैदराबादमार्गे जा म्हणून दाखवत होतं! म्हणजे दोघांनी आल्या वाटेनं परत जायचं. वर्गात एखाद्यानं असं उत्तर आणलं असतं तर मी विचारलं असतं, 'गाडी आहे काय रे त्या वाटेला?'

जमिनीवरून हेच अंतर 110 किलोमीटरच्या वर भरतं. सांबऱ्याहून बेळगाव शहर पार करा, मग हमरस्ता, हत्तरगीचा टोल, संकेश्वर, तवंदीचा घाट. माणसं घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती.

संध्याकाळी मी हेल्पलाइनला फोन केला. उत्तर मिळालं, "सर, तुमचा पत्ता बेळगाव जिल्ह्यातला आहे, म्हणजे बेळगावच जवळचं विमानतळ. तुमची सोयच झाली." निपाणीहून उजळाईवाडी 40 किलोमीटरच्या आत, सांबरा 85 च्या आसपास. मध्ये राज्याची हद्द आहे एवढंच. दवाखान्याला आणि लग्नाच्या खरेदीला आम्ही कोल्हापूर गाठतो, ते तुमचं यंत्र विचारून नव्हे.

सांबरा ते निपाणी टॅक्सीचे 2,800 रुपये आणि उजळाईवाडीहून रिकाम्या परतलेल्या गाडीचे 1,200 रुपये, असे 4,000 रुपये मला परत करावेत. ज्या दोन गावांत थेट विमान नाही, तिथं 'विमानाचा वेळ' दाखवणं बंद करावं, आणि अंतर हवाई की रस्त्याचं ते शेजारीच लिहावं. दाजींना फोन करून माफी मागावी. फोन मराठीत किंवा कन्नडमध्ये चालेल, दोन्ही येतात त्यांना.

15 दिवसांत उत्तर न आल्यास बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. 2019 च्या कायद्यानं ती मला राहत्या जिल्ह्यात करता येते, आणि तिथं मात्र माझा पत्ता बेळगाव जिल्ह्यातला असल्याचा खरंच उपयोग आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, निपाणी

सोबत: दोन्ही तिकिटं, टॅक्सीची पावती, अ‍ॅपवरील '96 किमी, 37 मिनिटे' चा स्क्रीनशॉट