जुनी ॲम्बेसेडर आणि ३५ पौंड हवा

संपादक महोदय,

आमच्या मोर्शी-वरुड भागात जुनी ॲम्बेसेडर हादरली, की मिस्त्री आधी मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बदलायला सांगतात. टायरकडे कोणी पाहतच नाही. पंक्चरवाला सगळ्याच गाड्यांत सरसकट ३५ पौंड हवा ठोकतो. मग संत्र्याच्या बागेकडे जाताना गिट्टीचा एकेक खडा बुडाखाली मोजत बसा! ही गाडी मुळात नायलॉनच्या तिरप्या थरांच्या टायरवर बेतलेली. रेडियल, म्हणजे सरळ आडव्या थरांच्या टायरची बाजू लवचिक, बारीक खड्डे ती गिळते. पण गाडी लावताना स्टिअरिंग जड होतं. दोन्ही प्रकार एकाच ॲक्सलवर मात्र मिसळू नयेत. हवा कंपनीच्या पुस्तकात लिहिली तेवढीच, तीही सकाळी, टायर थंड असताना. तापमानाच्या दर पाच-सहा अंश सेल्सिअसमागे दाब पौंडभर वाढतो, आणि आपला मे महिना तर ठाऊकच आहे. पंपांवरच्या हवेच्या मीटरची तपासणीही नियमित व्हावी.

— एक ॲम्बेसेडरवाला, मोर्शी (जि. अमरावती)