मुलांचा फोन तपासून संस्कार होतात का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही दिवस तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांत एकच पालुपद चाललंय, की नववी-दहावीची पोरं हाताबाहेर गेलीत, देवाधर्माचं काही राहिलं नाही, आईबाप ढिले पडलेत, तेव्हा फोन काढून घ्या, दिला तर रोज तपासा, आणि रविवारी सक्तीनं संस्कार वर्गाला बसवा. मी बेळगावच्या वडगावात आठवी ते दहावीचे क्लास घेते, मराठी मीडियमची, इंग्लिश मीडियमची, कन्नड शाळेत जाणारी पण घरी मराठी बोलणारी, सगळी माझ्याकडं एकाच चटईवर बसतात, त्यामुळं दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं समजून लिहिते. आणि मानसशास्त्रात एम.ए. केलंय ते इतकी वर्षं कपाटात पडून आहे, त्याला पण जरा हवा लागू दे.

आधी फोन तपासायचं बघू. २००० साली स्वीडनमधल्या १४ वर्षांच्या ७०३ मुलांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा एक अभ्यास छापून आला, हाकन स्टाटिन आणि मार्गारेट कर या दोघा मानसशास्त्रज्ञांचा. तोवर सगळे तज्ज्ञ सांगायचे की पोर कुठं जातं, कुणाबरोबर फिरतं, पैसे कशावर उडवतं हे ज्या आईबापांना ठाऊक असतं त्यांची मुलं कमी बिघडतात, म्हणून पाळत ठेवा. या दोघांनी विचारलं, ठाऊक असतं ते बरोबर आहे, पण ठाऊक होतं कुठनं? नियम घालून, खोदून खोदून विचारून, का पोर आपणहून येऊन सांगतं म्हणून? तर निघालं असं की बहुतेक सगळं पोरानंच आपणहून सांगितलेलं असतं, पाळतीचा आणि उलटतपासणीचा वाटा त्यामानानं किरकोळ. इतकी वर्षं सगळे ज्याचं श्रेय आईबापांच्या पहाऱ्याला देत होते ते पोरांच्या भरवशाचं निघालं.

आमच्याकडंच बघा की. एक पोरगं आहे, गाव सांगत नाही, घर माळकरी, आजोबांपासून आषाढीची वारी चुकली नाही, घरात अंडंसुद्धा येत नाही. हे पोरगं क्लास सुटल्यावर गाड्यावर उभं राहून एग राईस खातं, वरनं बडीशेप चघळतं, मग परत येऊन माझ्याकडं साबण मागतं, हाताला वास राहू नये म्हणून. बाप रात्री कापडाचा माग बंद करून आला की आधी पोराचा फोन हातात घेतो, व्हॉट्सअॅप, गॅलरी, फोनपे सगळं बघतो. पोरगं एग राईसचे पैसे रोख देतंय. फोनपेवर दिसलं असतं ना! आणि आजीला सगळं माहीत आहे, कारण तिला त्यानंच सांगितलंय. आजी म्हणाली म्हणे, "खाल्लास ते खाल्लास, पण माळ घालायची असंल तर आधी हे सुटू दे, आणि दिंडीला येणार असशील तर तेवढे दिवस तरी जिभेला लगाम घाल." आता मला सांगा, या घरात पोरावर लक्ष कुणाचं आहे?

धर्म पुढच्या पिढीत जातो कसा यावर व्हर्न बेंगस्टन म्हणून एका अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं जवळजवळ ३५ वर्षं काम केलं, दक्षिण कॅलिफोर्नियातली साडेतीनशेच्या वर कुटुंबं, आजोबा-बाप-नातू असं पिढ्यान्पिढ्या धरून, आणि २०१३ ला पुस्तक काढलं. त्यात सगळ्यात जास्त डोळ्यात भरतं ते बापाचं. आईबाप धार्मिक असणं, नेमानं देवळात जाणं हे लागतंच, पण पोराला बाप जवळचा वाटत असला तर त्याची श्रद्धा पोरात उतरायची शक्यता जास्त. बाप कितीही कट्टर असू दे, पण पोराला तो थंड आणि लांबचा वाटला तर ती साखळी तुटायचा संभव जास्त. आजी-आजोबांचा हातही आपण समजतो त्यापेक्षा मोठा असतो असं त्यानं लिहिलंय. आता तिकडचे लोक ख्रिश्चन, ज्यू, मॉर्मन, म्हणून त्याचे आकडे उचलून बेळगावला चिकटवायचे नाहीत हे मलाही कळतं. पण ही एवढी एक गोष्ट वाचताना मला आमच्या गल्लीतले निम्मे बाप डोळ्यासमोर आले. देवघरात तासभर बसतात, आरतीला आवाज खणखणीत, आणि पोराशी बोलणं म्हणजे "मार्क किती पडले" आणि "फोन दे इकडं", एवढंच.

कुणी म्हणेल, म्हणजे मोकाट सोडायचं का? अजिबात नाही. डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत बर्कलीला पालकांचे तीन प्रकार मांडले, "मी सांगतो म्हणून कर" म्हणणारे हुकूमशहा, काहीच न म्हणणारे लाडोबा, आणि तिसरे म्हणजे नियम ठाम ठेवून त्याचं कारण सांगणारे आणि पोराचंही ऐकून घेणारे. सुरुवात त्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांवर केली, पण पुढं मोठ्या मुलांवरही याच्यावर ढीगभर काम झालं आणि बरंच करून तिसऱ्यांची पोरं जास्त सावरलेली निघाली. वरची आजी बघा, तिनं नियम सोडला कुठं? दिंडीत पथ्य पाळायचंच. फक्त पोराला घरातनं परकं केलं नाही. तुमच्या पत्रलेखकांना बहुतेक पहिला आणि दुसरा असे दोनच प्रकार ठाऊक असावेत.

"हे सगळं परदेशी, आपल्याकडं कुटुंब महत्त्वाचं" असं एक पत्र होतं, त्याला उत्तर तुर्कस्तानच्या चिदेम काअत्चिबाशी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कधीच देऊन ठेवलंय. त्यांचं म्हणणं, शेती सुटते, शिक्षण वाढतं, शहरात येतात, तसं पोरांच्या कमाईवर आईबापांचं अवलंबून राहणं कमी होतं, पण मायेचं बंधन तसंच राहतं, आणि स्वतःच्या मतानं चालणारं पोर घराला धरून राहू शकतं, दोन्हीत भांडण नाही. पाश्चात्त्यांनीच उगीच तशी समजूत करून घेतली की मोठं व्हायचं म्हणजे घरापासनं सुटायचं. येळ्ळूर, खानापूरकडनं शेत सोडून शहरात भाड्यानं राहिलेल्या घरांना हे तंतोतंत लागू पडेल असं मला वाटतं.

आता "पोरांना धर्म राहिला नाही" याबद्दल. नवरात्रात पहाटे दुर्गामाता दौड निघते तेव्हा या तक्रारवाल्यांनी जरा दारात उभं राहून बघावं. क्लासला साडेसातला डोळे चोळत येणारी पोरं तिथं काळोखात अनवाणी हजर असतात. शिवजयंतीच्या चित्ररथांवर रात्रभर कोण असतं? हीच. ती सगळी भक्तीनं जातात का, तर नाही, निम्मी दोस्त जातो म्हणून जातात, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही, आपण तरी भजनाला पहिल्यांदा कशाला गेलो होतो? ऑलपोर्ट आणि रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६७ लाच हा फरक केलाय, की कुणी धर्म जगतो आणि कुणी सोबत, मान, ओळखीपाळखी यासाठी वापरतो, आणि त्यांच्या अभ्यासात देवळात, म्हणजे चर्चला, जाणाऱ्यांत परक्या जातीवर्णाबद्दलचा आकस दुसऱ्या प्रकारच्या लोकांत जास्त निघाला. तेव्हा हजेरी मोजून श्रद्धा मोजता येत नाही, दौडीत गेलेल्यांचीही नाही आणि न गेलेल्यांचीही.

मला जास्त काळजी वेगळ्याच पोरांची वाटते. जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली कॉलेजच्या ८६ मुलांना तीन गोष्टी विचारल्या, धंदा-व्यवसाय, धर्म आणि राजकारण. त्यात एक गट असा होता की सगळी मतं पक्की, पण सगळी आईबापांकडनं आयती घेतलेली, स्वतः कधी उलटसुलट विचार केलेला नाही. अशी मुलं वरनं आज्ञाधारक, पण आतनं हुकूमशाही वृत्तीची, आणि "तू कमी पडलास" असं कुणी सुनावलं की खचणारी. आपल्या सीमाभागात तर या तिन्हींचं उत्तर पोराच्या ताटात वाढूनच येतं, दहावीनंतर सायन्स, घरचा देव, आणि सीमाप्रश्नावरचं मत. मी स्वतः मराठीची कट्टर आहे, त्यात कुणी शंका घेऊ नये. पण ते माझं आहे कारण मी त्यावर घरात भांडले होते, वडिलांशी, अगदी कडकडून, आणि त्यांनी भांडू दिलं. प्रश्न न विचारणाऱ्या पोराला आपण "संस्कारी" म्हणून मोकळे होतो. माझ्या क्लासमध्ये असली दोन-तीन तरी दरवर्षी असतात, आणि एसएसएलसीच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या, निकालाला सगळ्यात जास्त लक्ष मला त्यांच्याचकडं ठेवावं लागतं.

तेव्हा संस्कार वर्ग काढणाऱ्यांना माझी विनंती, वर्ग जरूर काढा, पण पोरांच्या आधी बापांना बोलवा, आणि रविवारी नको, मंगळवारी ठेवा, आमच्याकडं बऱ्याच मागांना त्या दिवशी सुट्टी असते. राणी चन्नम्मा विद्यापीठातल्या किंवा इथल्या कॉलेजांतल्या कुणी या वयाच्या मुलांचा, घराचा आणि धर्माचा नीट अभ्यास हातात घेतला तर फारच चांगलं, फक्त फॉर्म मराठीतनंही असू दे, नाहीतर पोरं शेजारच्याचं बघून टिक मारतात.

आणि संपादक साहेब, तुम्हाला एक. या विषयावर आजवर तुम्ही छापलेली सगळी पत्रं पन्नाशीच्या पुढच्यांची दिसतात, माझं धरून. आठवड्यातनं एकदा अर्धा कॉलम नववी-दहावीच्या मुलांना द्या, नाव न छापता. पोरांकडनं पत्रं लिहून घ्यायचं काम माझं, ऑफिसात आणूनही देते. शुद्धलेखन तेवढं तुम्ही बघून घ्या.

आपली,
एक क्लासवाली बाई, वडगाव, बेळगाव