उंदीरमारीचे फाटे

राजापूर, आषाढ

प्रिय बंड्या,
स. न. वि. वि.

शनिवारी एकदाची लावणी आटपली. कंबर अजून धड सरळ होत नाही, म्हणून ओटीवर पालथा पडून लिहितोय. अक्षराला हसू नकोस.

तू पाठवलेला जीवामृताचा व्हिडिओ बघितला. 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन. देशावर चालत असेल. आपल्याकडे 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, मळ्यात ओतलेलं काही टिकतं का? युरियाचंही तेच. सकाळी फेकला की संध्याकाळी खालच्या ओहोळात.

म्हणून मी भातलावणीच्या चारसूत्री पद्धतीवर आलो. लावणीच्या आठवडाभर आधी मेरेवरच्या (बांधावरच्या) उंदीरमारीच्या, म्हणजे गिरीपुष्पाच्या, फांद्या तोडून मळ्यात पसरायच्या. दोन-तीन दिवसांत पाला गळतो, मग काड्या वेचायच्या आणि पाल्यासकट चिखलणी करायची, तेच खत. पहिल्या वर्षी मी शहाण्याने काड्यांसकट चिखल केला. लावणीच्या बायकांच्या पायांत त्या घुसल्या. काकी मळ्यातच उभी राहून अशी काही बोलली की मेरेवरचे बगळे उडाले.

युरिया सोडलेला नाही, खोटं कशाला सांगू? फक्त आता फेकत नाही. युरिया-डीएपीची गोळी रोपांच्या चार चुडांच्या मधोमध बोटाने चिखलात खोल खोचायची. खत मुळाशी राहतं, कमी लागतं. रोपांच्या वाफ्यावर भाजावळ (पाला-गवत जाळणं) बंद केली, तुसाची काळी राख घालतो. तरवा (रोपं) ताठ येतो. आणि यंदा मळ्यात मुठे (खेकडे) परत दिसले रे! पोरं रात्री बॅटऱ्या घेऊन मेर उकरतायत आणि मी ओरडतोय.

आंब्याचं मात्र विचारू नकोस. फळमाशीला रक्षक सापळे लावले, पण त्यांत अडकतो तो नर, फळात अंडी घालणारी मादी मोकळीच. खाली पडलेली फळं उचलून पुरली नाहीत तर सापळा म्हणजे नुसती शोभा, आणि शेजारची बाग कराराने दिलेली, तिथे उचलणार कोण? मोहोरावर मळभ आलं की तुडतुड्यासाठी फवारणीचा पंप मलाही काढावा लागतो. भाताएवढी आंब्यात हिंमत झालेली नाही.

हे सगळं हाताचं काम आहे, औषधाच्या बाटलीसारखं विकत मिळत नाही. वाडीत हात उरलेत किती, तुला माहीतच आहे.

आता मुद्द्याचं. पाला काढताना उंदीरमारीचे जाड फाटे वेगळे ठेवलेत, दीडेकशे असतील. तुमचा मळा सहा वर्षं ओसच आहे. आपल्या सामाईक मेरेवर ते रोवू का? पावसात रोवले की लागतात. काकूंना विचार, मोजणीची भानगड नको म्हणावं, हद्दीचे दगड हलवणार नाही. पण चार दिवसांत कळव, पडवीत सुकायला लागलेत.

तुझा,
आबा