लायब्ररीत एक नर्स बसवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बेघर लोक लायब्ररीत येऊन झोपतात, त्यांना आत घेऊ नका असं लोक सर्रास बोलतात आणि मला दरवेळी वाटतं, अरे पण तो माणूस दिवसभर जाणार तरी कुठे? काही विकत न घेता तासन् तास बसू देतील, पाणी आणि संडास मिळेल, अशी दुसरी जागा उरलीये का?

मग उपचारच तिथे न्या की. अमेरिकेत हे झालंय. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक लायब्ररीने २००९ मध्येच पूर्णवेळ सोशल वर्कर नेमली, शिवाय जे स्वतः कधीकाळी बेघर होते अशांनाच पगारावर घेतलं, ते लायब्ररीत फिरून आंघोळ, जेवण, निवारा कुठे मिळेल ते सांगतात. टूसॉनमध्ये २०१२ पासून सरकारी आरोग्य खात्याच्या नर्स लायब्ररीत येऊन बीपी बघू लागल्या.

आता पायाला जखम झालेला माणूस घ्या. दिवसभर पायपीट, ओला बूट, मोजा जखमेलाच चिकटलेला. धुऊन ड्रेसिंग करायला कितीसा वेळ लागतो, पण तेवढंही झालं नाही आणि त्यात शुगर असली तर बोटं कापायची पाळी येते. बरं, तो हॉस्पिटलात का जात नाही? सामान कुणाच्या भरवशावर ठेवायचं, फॉर्मवर पत्ता काय लिहायचा, अपॉइंटमेंटचा मेसेज येईपर्यंत फोन बंद पडलेला, आणि मागच्या वेळी कुणी हिडीसफिडीस केलेलं असतं ते वेगळंच, ते कुणी विसरत नाही. लायब्ररीत निदान फोन चार्ज होतो, कॉम्प्युटर असतो, फॉर्म भरून द्यायला कुणीतरी शेजारी बसतं.

फक्त हे सगळं लायब्रेरियनच्या गळ्यात मारू नका. फिलाडेल्फियात एका शाखेचा स्टाफ ड्रग्जचा ओव्हरडोस झालेल्यांना नॅलोक्सोन हे उताऱ्याचं औषध द्यायला शिकला, जीवही वाचवले, त्यांना सलामच आहे, पण पुस्तकं सांभाळायला आलेल्या माणसाने रोज हे एकट्याने का झेलायचं? नर्स आरोग्य खात्याने द्यावी, पगारही त्यांनीच द्यावा, लायब्ररीने फक्त जागा द्यावी.

आणि दर महिन्याला नवा माणूस पाठवू नका. आठवड्यातले ठरलेले दोन दिवस, तीच नर्स, तेच टेबल, कारण ओळख झाल्याशिवाय कुणी मोजा काढून पाय दाखवत नाही.

आपला,
एक नियमित वाचक