चिरा घराला, गाडीला नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून आमच्या गुहागरकडे या जुन्या फियाटचं वेड वाढलंय. चाकरमानी मे महिन्यात येतो, पंधरा दिवसांच्या रजेत पत्रा, ब्रेक, सायलेन्सर सगळं उरकायचं असतं. मग गाडी उचलायची नि खाली जांभ्या दगडाचे चिरे रचायचे. अंगणात चिऱ्यांची रास असतेच!

मीही तेच केलं होतं, तीस वर्षं गॅरेजात हात काळे करून. माझी 1986 ची पद्मिनी मागून उचलली, दोन्ही बाजूंना दोन-दोन चिरे. भाचा खाली शिरून सायलेन्सरच्या गंजक्या नटाशी झटत होता. सुटेना, म्हणून मोठा पाना न्यायला बाहेर आला आणि उजवीकडचा वरचा चिरा फुटला. आधी साधी चीरही दिसली नव्हती. गाडी धप्पकन बसली, लाल भुकटी उडाली. भाच्याची एक चप्पल खालीच राहिली.

जांभा भिंतीत पिढ्यान् पिढ्या टिकतो, कारण तिथे भार अख्ख्या चिऱ्यावर सारखा बसतो. गाडीखाली तोच भार चार बोटं लोखंडातून चिऱ्यावर येतो, वर पान्याचे हिसके. पद्मिनी नऊशे किलोच्या आसपासची, म्हणजे काही ट्रक नव्हे; पण माणसाच्या छातीला तेवढं पुरतं. नुसत्या हायड्रॉलिक जॅकवरही विसंबू नये. सील गळलं की तो गुपचूप खाली येतो.

उचललेली गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडची जोडी घ्या. मागे ती अ‍ॅक्सलखाली लावा, दाराखालच्या पत्र्याला नको. खाऱ्या हवेने तो आतून पापड झालेला असतो. जमीन कोब्याची हवी. मातीच्या अंगणात स्टँडचे पाय रुततात, निदान खाली जाड फळी तरी टाका. मागची चाकं उचलली की हँडब्रेकचा उपयोग शून्य, म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचर मारा. काढलेली चाकं गाडीखाली आडवी सरकवून ठेवा. आणि खाली शिरण्याआधी गाडीला खांद्याने चांगला धक्का देऊन बघा. हलायची तर तेव्हाच हलू दे.

तालुक्याच्या दुकानांत जॅक ढिगाने मिळतात, स्टँड मागितला की दुकानदार सायकलचा दाखवतो. त्यांनी दोन-चार जोड्या तरी ठेवाव्यात. तोवर माझी जोडी पडवीत आहे, गावातल्या कुणीही न्यावी. परत आणताना माती तेवढी झाडून आणा.

आपला,
एक निवृत्त मेकॅनिक, गुहागर